निळीचा रांजण

बॅगा गेल्या आणि सगळ्यांचे हात एकदम रिकामे झाले.

बंदराच्या मोठ्या शेडमध्ये एका माणसाने पाच बॅगांना पट्ट्या लावल्या, ढकलगाडीवर फेकल्या आणि सांगितलं, आता या थेट जहाजावर, तुमच्या खोलीच्या दाराशी भेटतील. तुम्ही दुपारी या. तोवर फिरा. दादाने अशी मान डोलावली की जसा काय तो दर महिन्याला जहाजाने जातो.

"फिरा म्हणजे कुठे फिरायचं?" छोटू म्हणाला. त्याला कोणी उत्तर दिलं नाही. अडतीस वर्षांचा झाला तरी छोटूला घरात उत्तर द्यायची पद्धत नव्हती.

मग वरात निघाली. पुढे दादा, नव्या पांढऱ्या टोपीत. त्याच्या मागे वहिनी, दर चार पावलांना टाच वर करून नवीन चपलेला शिव्या देत. मधे चाकांच्या खुर्चीत आई, खुर्ची निळीच्या हातात. शेवटी छोटू. खुर्ची बंदरावरच मिळाली होती. आईला चालता येत होतं चांगलं, पण "आहे तर बसते जरा" म्हणून ती बसली आणि मग उतरायचं नाव नाही.

निळी दादाच्या पाठची. खरं नाव वेगळं, ते फक्त शाळेत आणि दवाखान्यात चालायचं. घरात निळी, कारण पंधराव्या वर्षापासून दोन्ही हात कोपरापर्यंत निळे. आज तिने लांब बाह्यांचा ड्रेस घातला होता, वहिनीने आणला होता म्हणून. पण बोटं कुठे लपवणार? शेडमधल्या माणसाने तिच्या बॅगेचं हँडल घेताना तिच्या बोटांकडे बघितलं आणि हात झटकन मागे घेतला. काही रोगबिग आहे की काय, असं वाटलं असेल बिचाऱ्याला.

जहाज रस्त्याच्या टोकाशी उभं होतं. जहाज कसलं, चाळच्या चाळ उचलून पाण्यात ठेवलेली. ओळीने खिडक्या, ओळीने गॅलऱ्या.

"एवढं मोठं बुडत कसं नाही?" आई म्हणाली.

"बुडतं की कधीकधी," छोटू म्हणाला.

"गप रे," दादा म्हणाला.

निळी हसली. आज तिला बरं वाटत होतं. खरंच. हे घर असं सगळंच्या सगळं एकत्र कधी बाहेर पडलंच नव्हतं. एकदाही नाही. कारण कारखाना. कारखाना म्हणायची पद्धत, नाहीतर चार खोल्या आणि मागे अंगण. मधल्या खोलीत जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेला रांजण, त्यात आजोबांनी लावलेली नीळ. लावलेली म्हणजे दह्यासारखी. जिवंत असते ती. रोज ढवळावी लागते, कोंडा घालावा लागतो, चुना बघावा लागतो. दोन दिवस दुर्लक्ष केलं की सडते, आणि एकदा सडली की संपलं. मग नवी लावा, आणि नवीला तो रंग यायला माणसाचं अर्धं आयुष्य जातं. म्हणून कुठेही जायचं असलं तरी एक माणूस मागे राहायचा. दादाच्या लग्नात बाबा मागे राहिले होते. नवऱ्यामुलाचा बाप लग्नाला नाही, म्हणून वहिनीच्या माहेरचे अजून बोलतात. बाबांनंतर निळी राहायची.

या वेळी दादा स्वतः येऊन म्हणाला होता, तू पण चल. आईची पंचाहत्तरी आहे. ढवळायला लंबूकाका आहेत की. दादाने धंदा सोडला तेव्हा जे झालं ते झालं, पण इतक्या वर्षांनी तो मधल्या खोलीच्या उंबऱ्यावर येऊन उभा राहिला आणि "चल" म्हणाला. निळीला त्या दिवशी रात्री जेवण गेलं नाही, इतका आनंद झाला होता.

तिने तिकडे काय काय बघायचं ते छोटूच्या फोनवर आठवडाभर बघितलं होतं. जहाजावर पोहायचा तलाव आहे, हे तिला काही केल्या पटत नव्हतं. पाण्यात जहाज, जहाजात पुन्हा पाणी.

फिरून फिरून काय फिरणार. एक चौक झाला, एक दुकान झालं जिथे सगळ्या वस्तूंवर जहाजाचं चित्र, एक बाग झाली जिला एकच झाड. मग सगळे धक्क्यासमोरच्या एका खानावळीत बसले. मोठी काच, काचेपलीकडे जहाज. सूप आलं, पाव आला. वहिनीने चपला काढून पाय टेबलाखाली पसरले.

"वन्सं, तुम्ही खिडकीशी बसा," वहिनी म्हणाली. "तुम्ही कुठे बाहेर पडता."

निळीला नवल वाटलं. वहिनी आणि ती यांच्यात वीस वर्षं जेवढ्यास तेवढं होतं. आज सकाळपासून ही बाई गोड बोलत होती. ड्रेस काय, खिडकी काय. पण नजर देत नव्हती.

"आलेच," निळी म्हणाली. "ढवळायची वेळ झाली, काकांना फोन करते."

दादाने पाव मोडला. आई काचेकडे बघत राहिली.

निळी दाराबाहेर, पायरीवर येऊन उभी राहिली.

लंबूकाका बाबांच्या वेळचे. इतके उंच की मधल्या खोलीत पन्नास वर्षं वाकून काम करून करून आता रस्त्यावर पण वाकूनच चालतात.

"ढवळलं का, काका?"

"ढवळलं, ताई."

"कसा आहे?"

"मजेत आहे. तुम्ही मजा करा. जेवलात का?"

"फूल आलंय?"

फूल म्हणजे वर येणारा फेस. जांभळा, तांबूस, चकाकणारा. फूल आलं म्हणजे रांजण खुशीत.

"आलंय की. हे एवढं, ताटाएवढं. ठेवू का, ताई? पाव्हणे आलेत जरा."

समोरून जहाजाच्या उतारूंची एक बस गेली, तिच्या खिडक्यांतून लोक हात हलवत होते, कोणाला ते त्यांनाही माहीत नसावं.

"काका," ती म्हणाली, "काल निघताना मी दुप्पट चुना टाकलाय त्यात. तुम्ही घरी गेल्यावर. म्हटलं मी नसताना तुम्हाला त्रास नको, झोपवून जावं. आज त्याला फूल येणारच नाही. परवापर्यंत येणार नाही."

तिकडे मागे कुठेतरी काहीतरी घरघरत होतं.

"तो आवाज कसला आहे?"

"ताई, मी म्हातारा माणूस."

"आवाज कसला आहे, काका?"

"पंप आहे." काका रडायला लागले होते, पण हळू, कोणी ऐकू नये असं. "सकाळीच आले. शेजारच्या गोदामवाल्याची माणसं. जागा आता त्याची म्हणाले. मी म्हटलं ताई आल्यावर बघू. तर म्हणाले, ताई यायच्या आतच तर करायचंय. आईसाहेबांचा पण फोन आला. म्हणाल्या, ताईने विचारलं तर सांगा ढवळलं. शपथ घातली हो मला."

"कुठे ओतलं?"

"मागच्या गटारात. सगळा उतार निळा झालाय, ताई. लोक बघायला आलेत."

निळी पायरीवर बसली. "काका, एक बादली. एक तांब्याभर तरी काढून ठेवायचं होतं."

"सुचलं होतं. काढली होती बादली. त्यांच्या मुकादमाने दादांना फोन लावला. दादा म्हणाले, थेंब ठेवायचा नाही, ठेवलात तर ती परत लावेल."

फोन कधी बंद झाला, निळीला कळलं नाही. तिला आठवत राहिलं ते एवढंच की काल चुना टाकल्यावर तिने रांजणावर लाकडी झाकण ठेवलं होतं आणि त्यावर दोनदा थोपटलं होतं. नीज आता, म्हणाली होती. आपणच झोपवला. जागा असता तर त्याच्या वासाने निम्मी माणसं पळाली असती.

ती आत आली तेव्हा सूप निवलं होतं.

"ढवळलं का काकांनी?" दादाने विचारलं. विचारताना तो मीठ शोधत होता.

"गटारात," निळी म्हणाली.

दादाचा हात थांबला. छोटूने फोन उलटा ठेवला. वहिनी डोळे मिटून म्हणाली, "झालं."

"इथे नको," दादा खालच्या आवाजात म्हणाला. "लोक आहेत. वर गेल्यावर बोलू, शांतपणे. मी सगळं सांगणारच होतो."

"कुठे? पोहायच्या तलावात?"

"हे बघ, जागा आईच्या नावावर होती, तिने विकली. पडीक झाली होती. तो धंदा आता कोण करतंय? तू एकटी. तुझं वय काय? उद्या तू पडलीस, झडलीस, त्या ओल्या जमिनीवर पाय घसरला तर? आमच्याकडे मागची खोली आहे. उजेड आहे. तुला काय कमी पडणार आहे?"

"काम," निळी म्हणाली.

"काम म्हणे. ते काम होतं? ती सवय होती."

छोटू एकदम उसळला. "दादा, पण हे असं चोरून? मला वाटलं परत आल्यावर करणार आहात. तुम्ही म्हणाला होतात परत आल्यावर."

निळीने त्याच्याकडे वळून बघितलं. आत्तापर्यंत तिला वाटत होतं की या टेबलावर निदान एकाला तरी तिच्याइतकंच आत्ता कळतंय.

"म्हणजे तुला माहीत होतं, छोट्या."

छोटूचा चेहरा पडला. "परत आल्यावरचं माहीत होतं. आजचं नव्हतं. देवाशपथ, ताई."

"मग परत आल्यावर तू काय करणार होतास?"

"तेव्हा बघितलं असतं काहीतरी."

"हा बघा आला मोठा," दादा म्हणाला. "तुझ्या वर्कशॉपचं भाडं कुठून निघणार आहे ते सांग आधी हिला. सांग ना. मी एकटाच वाईट का?"

छोटूने परत फोन सुलटा केला. तेवढं पुरलं त्याला. तो परत दादाशी भांडणार नाही, हे सगळ्यांना कळलं.

मग वहिनी बोलली. कोणाला वाटलं नव्हतं ती बोलेल. "मी म्हणाले होते यांना," ती म्हणाली, नवऱ्याकडे न बघता. "वन्संना सांगा. भांडतील, रडतील, पण सांगा. माझ्या माहेरी जनावर विकायचं तरी घरात बोलतात. हे म्हणाले, तिला सांगितलं तर ती रांजणाला मिठी मारून बसेल. मी म्हटलं, बसू दे. चार दिवस बसेल आणि उठेल. तर म्हणे आईचंच असं म्हणणं आहे. मग मी गप्प बसले. माझीही चूक आहेच."

वीस वर्षांत वहिनीच्या तोंडून तिच्या बाजूचं एक वाक्य आलं होतं, आणि ते अशा दिवशी आलं होतं की निळीला त्याचं काही करता येईना. ती आईकडे वळली.

आई पावाचा तुकडा सूपमध्ये बुडवून बुडवून खात होती. दात कमी झाल्यापासून ती असंच खायची. तुकडा संपेपर्यंत तिने सगळ्यांना थांबवलं.

"मीच सांगितलं," ती म्हणाली. "दादा तर म्हणत होता अजून एक वर्ष राहू दे. मी म्हटलं नाही. मी मरायच्या आधी मला तो मेलेला बघायचाय."

"आई."

"माझे वडील गेले तेव्हा तुझे बाबा आले नाहीत. नीळ बिघडेल म्हणाले. मी एकटी गेले, हा दादा पोटात. छोटू झाला तेव्हा दवाखान्यात शेजारीण होती. माझ्या प्रत्येक लुगड्याला त्याचा वास. दूध तापवलं तरी त्याला वास. मी मनात सवत म्हणायचे त्याला. आणि मग यांनी तुला नेऊन त्याच्यापाशी बसवलं. पंधरा वर्षांची होतीस. तेव्हाच मला कळलं की तू गेलीस."

"मी कुठे गेले? मीच तर एकटी राहिले."

"त्याच्यापायी लग्न केलं नाहीस."

"तुम्ही सगळे निघून गेलात म्हणून केलं नाही," निळी म्हणाली. "दादा गेला, हा गेला. बाबा अंथरुणाला होते दोन वर्षं. कोणाला सांगू थांबा म्हणून? आणि मला आवडायचं ते काम, आई. तुला कधी कोणी सांगितलं नसेल, म्हणून सांगते. सकाळी झाकण काढलं की मला बरं वाटायचं. एवढंच होतं. दुसरं काही नव्हतं त्यात."

पलीकडच्या टेबलावरचं एक कुटुंब या टेबलाकडे बघत होतं. दादाने त्यांच्याकडे बघून उगाच हसून घेतलं.

"बाबा असताना का नाही ओतलास?" निळीने विचारलं.

"तेव्हा हिंमत नव्हती."

"आता आली?"

"आता तू होतीस," आई म्हणाली. "तुझ्यासमोर हिंमत लागत नाही."

हे ती वाईटपणाने नाही म्हणाली. सरळ म्हणाली, पीठ संपलंय म्हणतात तसं. निळीला जे लागलं ते तेच.

तिने निवलेलं सूप बाजूला सारलं. मग म्हणाली, "ठीक आहे. गेला तो गेला. आता भरून काही निघत नाही. आई, तू एक कर. मला विचारायला हवं होतं, एवढं म्हण. बाकी काही नको. एवढं म्हणालीस तर मी वर येते. नऊ दिवस तुझं सगळं करते, हसते, फोटो काढते. घरी आल्यावर दादाच्या मागच्या खोलीत राहते."

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

"म्हणाले असते."

"मग कशाला विचारायचं?"

"म्हण ना आई," छोटू पुटपुटला. "काय जातं म्हणायला?"

"आई, म्हणून टाका," वहिनी म्हणाली.

दादाही आईकडे बघत होता, आणि पहिल्यांदाच त्याच्या तोंडावर अशी भीती होती की ही गोष्ट आपल्या हातातली राहिली नाही. त्याला वाटलं होतं बहीण चिडेल. चिडलेल्या माणसाची सोय लावता येते. ही तर समेट करायला बसली होती, आणि समेट मोडत होती आई.

आईने रुमालाने तोंड पुसलं. "चला," ती म्हणाली. "उशीर होईल."

उठले सगळे. निळीने सवयीने खुर्ची धरली, कारण दुसऱ्या कोणी धरली नाही. धक्क्याच्या रस्त्यावर आता गर्दी झाली होती. माणसं, पोरं, टोप्या, फुगे. जहाजाने एक लांब भोंगा दिला आणि सगळे लोक खूश होऊन ओरडले. आईची मान खुर्चीत थोडी डुलत होती. मागून निळीला तिच्या भांगातली रुंद झालेली कातडी दिसत होती, लहान मुलासारखी गुलाबी. तिला वाटत होतं अजून म्हणेल. वळणावर म्हणेल. गर्दीत म्हणेल, कोणाला ऐकू येणार नाही असं. आईला माफी मागायला आवडत नाही, पण ती हळूच पाणी पुढे करते, हळूच पांघरूण टाकते. तसं काहीतरी. तेवढंही चाललं असतं आता. निळी आपली अट मनातल्या मनात बारीक बारीक करत चालली होती.

आईने काही पुढे केलं नाही. फक्त एकदा म्हणाली, "ऊन लागतंय," आणि निळीने खुर्ची सावलीच्या बाजूने घेतली.

फाटकाशी रांग होती. निळ्या कोटातली एक तरुण मुलगी एकेकाचा पासपोर्ट मशीनला लावून बघत होती. मशीन टुंग करायचं, मुलगी हसायची, माणूस आत. पाचही पासपोर्ट दादाच्या कमरेच्या पट्ट्यात होते. त्याने चार काढून दिले. पाचवा, निळीचा, काढला, हातात धरला आणि तसाच उभा राहिला. टुंग, दादा. टुंग, वहिनी. टुंग, छोटू. छोटू आत गेला आणि पलीकडे जाऊन पाठ करून उभा राहिला.

टुंग, आई.

मुलीने मागे बघितलं. निळ्या बोटांनी खुर्चीचा दांडा धरलेली बाई, डोळे लाल, पर्स नाही, टोपी नाही.

"या पण तुमच्याबरोबर आहेत का?" तिने आईला विचारलं. मोठ्याने, म्हाताऱ्या माणसांशी बोलतात तसं.

दादाचं तोंड उघडलं. पण प्रश्न आईला होता.

आईने मान वळवली नाही. तिने समोर बघितलं, जहाजाकडे, त्या ओळीने खिडक्यांकडे.

"नाही," ती म्हणाली. "सोडायला आलीय."

"मग मॅडम, तुम्हाला इथून पुढे नाही येता येणार," मुलगी निळीला म्हणाली. हसूनच म्हणाली. तिचं काय चुकलं?

निळीने दांडा सोडला. क्षणभर खुर्ची कोणाचीच नव्हती. मग वहिनी परत आली, तिने दांडा धरला आणि जोर लावला. खुर्ची हलेना. वहिनीने परत जोर लावला, आई आतल्या आत हिंदकळली. मागे रांग खोळंबली, कोणीतरी घसा खाकरला.

"वन्सं," वहिनी रडवेली होऊन म्हणाली, "हे काय अडकलंय?"

निळी खाली वाकली. चाकापाशी हात घालून तिने थांबताना स्वतःच लावलेला ब्रेक सोडला, आईचा पाय खालच्या फळीवरून घसरला होता तो उचलून नीट ठेवला, आणि रांगेतून बाजूला झाली.